काढून टाकलेल्या पाट्याचा सवाल

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

"वस्ती ते डांबरी फाटा, अंतर तेवीस किलोमीटर. रस्ता सुस्थितीत आहे. दुरुस्तीची आवश्यकता नाही." खाली सही, सहीखाली शिक्का. अक्षर वळणदार आहे तुमचं, त्याबद्दल तक्रार नाही. मजकूर खोटा आहे. आणि तो तुमच्या हातून कसा झाला हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण त्या दिवशी मी तुमच्या पाठीमागे दोन हातांवर होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोखंडाकडे कोण बघतं?

मित्रांनो, तुम्ही बिचकू नका. माझा राग तुमच्यावर नाही. तुम्हाला मी माझी सगळी हकीकत सांगणार आहे, आणि ती तशी हसरीच आहे. साहेबांनीही जरा कान देऊन ऐकावी म्हणून आधी त्यांना हाक मारली, इतकंच.

मी एक जुना पाटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, गाडीचा. माल वाहणाऱ्या गाडीच्या हौद्याखाली, मागच्या दोन्ही चाकांवर, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकीखाली एक बांधलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. चाक दगडावर चढलं की पाटे दबतात, दगड गेला की पुन्हा सरळ होतात. धक्का चाकाने खायचा, पाट्याने पचवायचा, आणि वर बसलेल्याला नुसता झोका द्यायचा, असं आमचं काम. निदान तसं व्हायला हवं.

माझा जन्म डांबरी फाट्यावरच्या गावात, मामाच्या भट्टीत झाला. मामा म्हणजे पाट्यांचा कारागीर. पत्र्याचं छप्पर, मधोमध ऐरण, कोपऱ्यात काळ्या तेलाचं पिंप आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेले लहानमोठे पाटे, असं त्याचं दुकान. दारावर पाटी होती: 'येथे पाटे चढवून मिळतील'. सगळं गाव त्याला मामा म्हणे, त्याच्याहून मोठी माणसंही. मामाने मला नारिंगी होईपर्यंत तापवलं, घणाने वाकवलं आणि तेलाच्या पिंपात बुडवलं. तेव्हा मी जे ओरडलो ते अजून आठवतं. मग त्याने मला दोरीला टांगून हातोडीची एक टिचकी मारली आणि डोळे मिटून आवाज ऐकला. आवाज बराच वेळ घुमला. "पोरगं दणकट आहे," मामा म्हणाला. मित्रांनो, पुढची कित्येक वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली.

मला एका पिकअप गाडीला बसवलं. तिला कंपनीचे पाच पाटे होते. पण ती बांधकामावर चालायची, दगड आणि सिमेंट दीड दीड टन भरायची, आणि मागून बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. म्हणून मामाने दोन जादा पाटे चढवले. त्यातला सातवा, सगळ्यात खालचा, सगळ्यात जाड आणि जवळजवळ सरळ, तो मी. डावीकडे मी, उजवीकडे माझा जुळा भाऊ. कितीही माल घाला, गाडी वाकत नसे. चालक लोक हौद्याखाली डोकावून म्हणायचे, "मामाचा पाटा आहे, काय बिशाद." वरच्या सहा पाट्यांपेक्षा मी स्वतःला शहाणा समजू लागलो. तेही मला मुद्दाम दाबून ठेवायचे.

मग गाडी म्हातारी झाली. बांधकामवाल्याने नवी घेतली आणि ही वस्तीच्या दवाखान्याला दिली. आता हौद्यात काय ठेवायचे? एक निळा डबा. आत बर्फाच्या पिशव्या आणि रक्ताच्या नळ्या. सगळं मिळून नऊ किलो.

विचार करा, मी दीड टन उचलणारा पहिलवान आणि माझ्या डोक्यावर नऊ किलोचा डबा. मला तो आहे की नाही हेही कळायचं नाही. मी वाकायचो नाही, म्हणून धक्का पचायचा नाही. चाकाने खाल्लेला दगड जसाच्या तसा वर पोचायचा.

वस्ती डोंगराच्या पलीकडे आहे. तिथून डांबरी फाट्यापर्यंत जो तेवीस किलोमीटरचा प्रकार आहे त्याला रस्ता म्हणायचं असेल तर म्हणा. अर्धा सुटा दगड, पाव कोरडा ओढा, आणि उरलेला पाव पावसाने नेला, अजून परत आणलेला नाही. फाट्यापासून पुढे एकोणीस किलोमीटरवर शहर आणि शहरात तपासणीची लॅब. रक्ताचं असं असतं की ते नळीत घेतल्यावर दोन तासांच्या आत लॅबमधल्या गरागरा फिरणाऱ्या यंत्रात जावं लागतं. यंत्रातून काढल्यावर नळीत वरती गवताच्या काडीसारखं पिवळं पाणी दिसलं तर नमुना चांगला. पण वाटेत फार हिंदकळलं तर रक्तातल्या बारीक पेशी फुटतात, ते पाणी लालसर होतं, आणि लॅबमधला चष्मेवाला चिठ्ठी लिहितो: 'नमुना खराब. पुन्हा घ्या.'

गाडी हळू चालवली तर दोन तास उलटून जायचे. जोरात चालवली तर हिंदकळायचं. दोन्हीकडून तीच चिठ्ठी.

गाडी चालवायची मामाची सख्खी भाची. हसरी, उंच, एका हाताने गिअर आणि दुसऱ्या हाताने केस सारखे करणारी बाई. सुया टोचायच्या सिस्टर, ही फक्त डबा न्यायची. पण 'पुन्हा घ्या'ची चिठ्ठी हिच्याच गाडीतून परत यायची, म्हणून वस्तीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं सुईमावशी. गाडीचा आवाज आला की अंगणं रिकामी. कुणी खाटेखाली, कुणी झाडावर.

सगळ्यात पक्की लपायची दोनवेणी. सुताराची मुलगी, तिसरीतली. तिच्या औषधाचं माप ठरवायला दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावं लागायचं. महिन्यातून दोनदा टोचायचं, पण नमुने खराब व्हायचे म्हणून चारदा, पाचदा टोचलं जायचं. ती प्रत्येक सुईची एक रेघ दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने ओढायची. बाप रंधा मारून पुसायला गेला तर म्हणाली, "राहू दे. मोठी झाले की विचारणार आहे." कुणाला विचारणार ते तिला माहीत नव्हतं. मला आता माहीत आहे.

एक दिवस सुईमावशीने गाडी मामाच्या दुकानापुढे लावली. "मामा, मागचं काहीतरी करा. फार बसतंय."

"बसतंय ना? मग पाटा कमी पडतोय." ती धक्क्यांबद्दल बोलत होती, मामाला वाटलं गाडी खाली बसते. त्याने वाकूनही पाहिलं नाही. आणि आठवा पाटा चढवला.

मित्रांनो, ही चूक फक्त पाटेवालाच करू शकतो. आयुष्यभर लोक त्याच्याकडे एकच दुखणं घेऊन आले आणि त्याने एकच औषध दिलं. आठव्या पाट्यानंतर हौदा हौदा राहिला नाही, ऐरण झाला. त्या आठवड्यात एकोणीस नळ्यांपैकी अकरा लाल निघाल्या. आणि लॅबकडून पत्र आलं: पुढच्या महिन्यात दहात एकाहून जास्त नमुना खराब निघाला तर वस्तीवरचे नमुने घेणं बंद. ज्याला तपासायचं असेल त्याने स्वतः शहरात यावं.

सिस्टरनी पत्र हौद्याला टेकून वाचलं. "म्हणजे सुताराने दर पंधरवड्याला कामाचा दिवस बुडवायचा आणि पोरीला बेचाळीस किलोमीटर न्यायचं," त्या म्हणाल्या. "कशातून नेणार? दुसरी गाडी येते का इथे?"

"येत नाही," सुईमावशी म्हणाली. तिचीही नोकरी त्याच पत्रात होती, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही.

वाट दाखवली ती बटाट्यांनी. एका शेतकऱ्याने शहरात न्यायला बटाट्याची पंधरा पोती हौद्यात टाकली. निळा डबा पोत्यांच्या मधे. त्या दिवशी पहिल्यांदा मी हललो. थोडासाच, पण हललो. आणि लॅबमध्ये सगळ्या नळ्या पिवळ्या. सुईमावशीने चष्मेवाल्याला दोनदा विचारलं, "नीट बघितलंत ना?" दुसऱ्या दिवसापासून तिने वाळूची पोती भरून पाहिली. नळ्या पिवळ्या, पण गाडी चढावर धापा टाकायची आणि दोन तास उलटायचे. पुन्हा चिठ्ठी. तरी तिला जे कळायचं ते कळलं होतं. ती तडक मामाकडे गेली.

"मामा, पाटे काढा."

"कुणाचे?"

"माझ्या गाडीचे. वजन असलं की हलतात, नसलं की नुसते लाकडासारखे बसतात. मला रिकाम्या गाडीत हलणारे पाटे पाहिजेत. जोरात गेले तरी डब्याला कळता कामा नये."

मामाने घण खाली ठेवला. "भाचीबाई, दारावरची पाटी वाचता येते का?"

"येते. तुम्हीच शिकवलंत वाचायला."

"काय लिहिलंय?"

"चढवून मिळतील."

"उतरवून मिळतील असं लिहिलंय कुठे? पाटे काढून गाडी माझ्या दुकानातून बाहेर पडली तर लोक काय म्हणतील? मामाने पाटे चोरले म्हणतील."

"मग रक्त खराब का होतं सांगा."

"ती सिस्टर टोचते वाकडं. पाट्यात काही खोट नाही. मी स्वतः ठोकलाय."

ते ऐकून माझी छाती फुगली. मूर्ख होतो मी.

"बरं," सुईमावशी शांतपणे म्हणाली. "मग तुमचं रक्त घेऊ. सिस्टर कशा टोचतात ते बघा, नळी तुमच्या मांडीवर ठेवा आणि हौद्यात बसून या."

मामाने घण पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मित्रांनो, एक गुपित सांगतो. तापलेलं लोखंड सांडशीने लीलया फिरवणारा हा माणूस सुईला घाबरायचा. पण भाचीसमोर कबूल कसं करणार? दुसऱ्या दिवशी तो वस्तीवर आला. सिस्टर म्हणाल्या, "बाही वर करा."

"मला भीती वाटत नाही," मामा म्हणाला.

"मी कुठे विचारलं?"

"आधीच सांगून ठेवलं."

पलंगाखालून आवाज आला, "डोळे मिटायचे आणि वीसपर्यंत मोजायचं. पण पटपट मोजायचं नाही, ती फसवणूक होते." दोनवेणी लपली होती तिथून शिकवत होती. मामाने मोजलं. बारावर सिस्टर म्हणाल्या, "झालं." मामा तरी वीसपर्यंत गेला.

मग तो निळा डबा मांडीवर घेऊन हौद्यात बसला आणि भाचीने गाडी सोडली, वेळेत पोचायचं तर जशी सोडावी लागते तशी. पहिल्या किलोमीटरला मामा म्हणाला, "ठीक आहे." तिसऱ्याला त्याची टोपी गेली. ओढ्यात उतरलो तेव्हा मामा, डबा आणि हौदा हे तिघे तीन वेगवेगळ्या उंचीवर होते. तो मागच्या खिडकीवर मुठी आपटत होता आणि भाची आरशात बघून मान डोलवत होती. मी मात्र खाली ताठ. मामाचा पाटा, काय बिशाद.

लॅबमध्ये चष्मेवाल्याने यंत्रातून नळी काढली, उजेडात धरली आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"काय लिहिताय?" मामाने विचारलं.

"नमुना खराब. पुन्हा घ्या. बाही वर करा, इथेच घेतो."

"पुन्हा?"

"पुन्हा."

मामा खुर्चीत बसला. डोळे मिटण्याआधी त्याने भाचीकडे पाहिलं. "ती पोरगी, पलंगाखालची. तिला महिन्यातून किती वेळा?"

"चार. कधी पाच."

मामाने वीसपर्यंत मोजलं. या वेळी फार हळू. मग बाही खाली घेत तो म्हणाला, "गाडी दुकानात लाव. पाटे काढतो."

मला काढलं तो दिवस मी विसरणार नाही. पाटे आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट सुटले, मधला खिळा निघाला, आणि इतकी वर्षं पाठीवर बसलेले सहा पाटे माझ्यापासून वेगळे झाले. मला वाटलं, मामा निदान एकदा हात फिरवेल. त्याने मला भंगाराच्या ढिगावर टाकलं. माझ्या जुळ्याला दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी उभं केलं. आठवा पाटा तर नवाच होता, त्याला काही कळलंच नाही. मी ढिगावरून सगळं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघू आता तुमची गाडी कशी उभी राहते.

गंमत म्हणजे ती खरंच नीट उभी राहिली नाही. मामाने तीनच मऊ पाटे ठेवले होते. सुईमावशी ओढ्यापर्यंत जाऊन परत आली, चेहरा हिरवा. "मामा, आता झोके थांबतच नाहीत. एका दगडावर सहा वेळा उडते. आणि खड्ड्यात गेली की दाणकन खाली आपटते."

मामा हसला. रागावला नाही, हसला. पन्नाशी उलटल्यावर त्याला नवीन काहीतरी अडलं होतं, आणि त्याला ते भयंकर आवडलं. त्याने चार दिवस दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवली. एका मोडीत निघालेल्या प्रवासी गाडीचे लांब, पातळ पाटे आणले. त्यांची टोकं घासून गोल केली, म्हणजे एक पाटा दुसऱ्याला चावणार नाही. दर दोन पाट्यांमध्ये प्लॅस्टिकची गुळगुळीत पट्टी घातली. मागच्या टोकाची झुलती कडी लांब केली, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला पाय पसरायला जागा लागते. हे मामा जन्मभर जाणत होता, पण पाय पसरणारा पाटा त्याने कधी बसवलाच नव्हता. मग जाडजूड शॉकअप आणले आणि तिरके बसवले. पाट्याने उडी सोसायची आणि शॉकअपने ती तिथल्या तिथे संपवायची, अशी वाटणी. वरती रबराचे ठोकळे, म्हणजे चाक फार वर आलं तर आपटणार नाही. खाली जाड पट्टा, म्हणजे गाडी उडाली तर चाक फार लोंबणार नाही.

आणि मोजमाप कसं केलं ऐका. चाकाच्या आसाला त्याने एक पेन्सिल बांधली आणि गाडीच्या सांगाड्याला पांढरी फळी. गाडी ओढ्यातून गेली की चाक जितकं वरखाली झालं तितकी रेघ फळीवर उमटायची. मी असतो तर रेघ उमटली असती जेमतेम दोन बोटं. आता उमटली वीतभर, वर आणखी चार बोटं. मामाने ती फळी भिंतीवर लावली, ती पुसायची नाही म्हणून सगळ्यांना ताकीद दिली.

पहिल्या खऱ्या फेरीला मामा पुन्हा हौद्यात बसला. दुकानातून वस्तीकडे निघताना त्याचं लक्ष ढिगाकडे गेलं. "याला घे बरोबर," तो म्हणाला. "चाक फसलं तर खाली घालायला लागेल. जॅकलाही टेकू होईल." आणि मला केबिनच्या मागे, खिडकीशी, दोरीने आडवं बांधलं.

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या रस्त्यावरून गेलो होतो, पण नेहमी गाडीच्या पोटाखालून. चिखल, धूळ आणि चाकाची एक बाजू, एवढंच माझं जग. त्या दिवशी मी पहिल्यांदा आभाळ पाहिलं. ओढ्याच्या काठाला पिवळी फुलं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. गाडी सुसाट निघाली होती, खाली चाकं वेड्यासारखी नाचत होती, आणि वर हौदा पाण्यावरच्या होडीसारखा चालला होता. मामाच्या मांडीवर निळा डबा निवांत. मामाच्या डोक्यावर नवी टोपी, तीही निवांत. मी असताना असं कधीच झालं नव्हतं. मी वाईट पाटा नव्हतो हो. माझी जागा चुकली होती. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग ओढ्यातली उडी आली आणि मी वाईट वाटायचं विसरून गेलो.

पूर्वी तेवीस किलोमीटरला सव्वा तासाच्या वर वेळ लागायचा, त्या दिवशी एकोणचाळीस मिनिटं लागली. चष्मेवाल्याने नळ्या उजेडात धरल्या. पिवळ्या. सगळ्या. त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा खणात टाकला आणि म्हणाला, "नवीन रस्ता झाला वाटतं."

त्या महिन्यात एकशे बारा नळ्यांपैकी चार खराब निघाल्या. बंद करण्याचं पत्र मागे घेतलं गेलं. दोनवेणीच्या चौकटीवर महिन्यात दोनच रेघा पडल्या. पोरं लपायची थांबली, उलट गाडी आली की हौद्यात चढून उड्या मारू लागली. मामाने दारावरची पाटी उतरवून रंगवली: 'येथे पाटे चढवून व उतरवून मिळतील'. लोक हसले. मामाने हसू दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी गप्प बसलो असतो. पण साहेब, तुम्ही आलात.

सिस्टरनी रस्त्यासाठी पाच अर्ज केले होते. पाचव्यानंतर तुम्ही पाहणीला निघालात. तुमची लांबलचक गाडी पहिल्याच दगडाला पोटाशी घासली आणि तुमच्या चालकाने हात जोडले. तेव्हा सुईमावशी वस्तीवर निघाली होती, तिने तुम्हाला पुढच्या सीटवर बसवलं. जाताना तुम्ही फोनवर बोलत होतात. वस्तीवर चहा घेतलात, अर्जाची पोच दिलीत. आणि परत येताना, साहेब, तुम्हाला डुलकी लागली.

मी खिडकीतून पाहत होतो. तुमची मान एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, मग छातीवर टेकली. ओढ्यातसुद्धा उचलली नाहीत. फाट्यावर गाडी थांबल्यावर तुम्ही डोळे चोळलेत आणि म्हणालात, "आलो पण? छान आहे की रस्ता. उगाच अर्ज करता तुम्ही लोक."

"साहेब, रस्ता नाही, पाटे छान आहेत," सुईमावशी म्हणाली. "पाटे बदललेत मागचे. खाली उतरून बघता का एकदा?"

"पाटेबिटे मला कळत नाहीत, बाई. मला रस्ते कळतात." आणि तुम्ही कागद मांडीवर घेतलात.

नंतर सिस्टर तिला म्हणाल्या, "अगं, मुद्दाम आदळत आणायचंस ना त्यांना. दोन दगडांवर नेलं असतंस तरी जागे झाले असते."

"मागे डबा होता," सुईमावशी म्हणाली. "अकरा नळ्या होत्या. एक दोनवेणीची."

ऐकलंत, साहेब? तुम्हाला झोप लागावी म्हणून तिने गाडी तशी चालवली नव्हती. एका पोरीला पुन्हा सुई लागू नये म्हणून चालवली होती. त्या पोरीसाठी जपलेल्या झोक्यात तुम्ही झोपलात आणि उठून सही केलीत.

अहवालाची प्रत आली तेव्हा मामाची फार पंचाईत झाली. "झोपला होता? ओढ्यात? खरंच?" त्याने तीनदा विचारलं. चेहरा रागाने लाल, आणि मिशीखाली हसू मावत नव्हतं.

"मामा, तुमचं कौतुक झालं आणि आमचा रस्ता गेला," सुईमावशी म्हणाली.

तेव्हा त्याचं हसू गेलं. कारण खरंच गेला. आज त्या तेवीस किलोमीटरवर धावू शकणारी एकच गाडी आहे. ती ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी नळ्या नाहीत, औषधं नाहीत, कुणाला पोटात दुखलं तर दवाखाना नाही. एका म्हाताऱ्या गाडीचं बूड सुधारलं म्हणून रस्ता सुधारला होत नाही. एवढं तिसरीतल्या मुलीला कळतं.

मित्रांनो, पाट्यांना दर दोन महिन्यांनी तेलाचा हात लागतो. नट आवळावे लागतात. रबर झिजलं तर बदलावं लागतं. मामा हे सगळं करतो, म्हणून झोका टिकतो. तुमच्याकडेही काही मुकाट्याने चांगलं चालत असेल, सायकल असो, पंखा असो, एखादं माणूस असो, तर एकदा वाकून खाली बघा. आवाज करत नाही म्हणून त्याला काही लागत नाही असं समजू नका. रस्त्यालाही लागतं. त्याच्या नावाने तर खुर्ची टाकून माणूस बसवलाय.

परवा मामाने मला हौद्यातून उतरवलं. वाटलं, पुन्हा ढिगावर. पण त्याने माझा गंज घासला, तेल लावलं, दोरीला टांगून हातोडीची टिचकी मारली आणि डोळे मिटले. मी जीव लावून घुमलो. "दणकट आहे अजून," मामा म्हणाला. मग त्याने उंबऱ्याजवळच्या माझ्या जुळ्यालाही आणलं, आणि आम्हा दोघांवर खडूने एकच शब्द लिहिला: 'साहेब'.

दोनवेणीही आली होती बापाबरोबर. तिने विचारलं, "हे परत बसवायला किती वेळ लागतो?"

"दोन्ही बाजू मिळून आठ नट," मामा म्हणाला. "शॉकअप सोडवायचे, पट्टा काढायचा. दोन तास."

साहेब, पुढच्या पाहणीला मी तुमच्या खाली असेन. मी जराही वाकणार नाही, हा माझा शब्द. तेवीस किलोमीटरचा एकेक दगड तुमच्यापर्यंत जसाच्या तसा पोचवीन, एकही मधल्यामधे खाणार नाही. कागद आणा, शिक्का आणा, जमलं तर दोन्ही हातांनी धरून ठेवा. फक्त रविवारी या. रविवारी डब्यात नळ्या नसतात.

पाचव्या अर्जाला तुम्ही पोच दिलीत, उत्तर दिलं नाहीत. सहावा अर्ज माझा समजा. त्यात एकच ओळ आहे.

कोणत्या रविवारी येता?